कडं काढलं आणि बाई काढली

शरच्चंद्र आगटे खोटं बोलत नाही, हे साताऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण एवढीच होती, की पक्षी पाहणारी माणसं सांगलीत राहत होती.

साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यात तो आरेखक होता. कालव्याची रेघ जिथून जायची तिथूनच काढायची, वाटेत कुणा पुढाऱ्याचा मळा आला म्हणून ती वाकू द्यायची नाही, असा त्याचा लौकिक होता. त्यामुळं बढतीचा प्रश्न कधी उद्भवला नाही. रविवारी मात्र हा माणूस कुठल्यातरी तळ्याकाठी चिखलात पालथा पडलेला असायचा. डोळ्याला कॅमेरा, पाठीवर ऊन. दोनदा गावकऱ्यांनी त्याला बुडालेला समजून बाहेर ओढलं होतं.

आमच्या सांगलीच्या पक्षीमित्र मंडळाचं दर जानेवारीत फोटोंचं प्रदर्शन भरायचं. मी मंडळाचा सभासद होतो. पक्ष्यांचे मला दोनच प्रकार ओळखता यायचे, कावळा आणि कावळा नसलेले. पण सभेला भडंग उत्तम असायचं. चौऱ्याण्णव सालच्या प्रदर्शनाला शरच्चंद्रानं खंड्याचा फोटो पाठवला. खंड्या विजेच्या तारेवर बसलेला होता. आभाळ सुरेख, खंड्या सुरेख, मधून ती तार आडवी गेलेली. शरच्चंद्राला ती खुपली. त्यानं आकारामला निरोप धाडला, "तेवढी तार काढा."

आकाराम हा माधवनगरचा, फोटोंना टचिंग करणारा. गिरणीजवळच्या दोन खोल्यांत बसून त्यानं तीस वर्षांत जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांना मिशा आणि बहुतेक सगळ्या नवरीमुलींना नितळ गाल दिले होते. देवीचे व्रण तो ब्रशाच्या एका केसानं बुजवायचा. फोटो काढताना मिटलेले डोळे तो उघडायचा, आणि कायमचे मिटलेले असले तरी उघडायचा. त्यानं तार काढली. इतकी बेमालूम काढली, की खंड्या दोन्ही पाय आखडून आभाळात राहिला. उडत नव्हता, झेपावत नव्हता. बसला होता.

मंडळाचे अध्यक्ष आप्पासो म्हणजे आष्ट्याचे बडे ऊसवाले आणि फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. दारात जीप, गळ्यात फौजेतली दुर्बीण. ते त्या फोटोसमोर दोन मिनिटं सावधानमध्ये उभे राहिले.

"शरदराव, ह्यो बसलाय कशावर?"

"तारेवर."

"तार कुठाय?"

"काढली."

"आन् त्याला सांगितलं न्हाई व्हय?"

सभागृह हसलं. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्या दिवसापासून शरच्चंद्रानं सांगलीत येऊन काहीही सांगितलं, अमुक तळ्यावर करकोचे आले, तमुक माळावर धाविक दिसला, की मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास विचारायचं, "तार हाय का?" तो हसून घ्यायचा, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

हे असं दोन वर्षं चाललं. शहाण्णवच्या जानेवारीत एका रविवारी तो सभेला धापा टाकतच आला. एसटी थांबायच्या आधीच उतरला असावा, कारण गुडघ्याला खरचटलेलं होतं.

"मायणीच्या तळ्यावर पट्टकादंब आहे," तो म्हणाला. "एकटाच. आणि त्याच्या पायात कडं आहे!"

पट्टकादंब म्हणजे हिमालयापलीकडून हिवाळ्याला आपल्याकडं उतरणारं, बदकाहून मोठं पाखरू. डोक्याच्या मागं दोन काळे पट्टे. आणि पायात कडं याचा अर्थ, तिकडं लांब कुठल्यातरी देशात कुणा अभ्यासकानं त्याला धरून, आकडे कोरलेलं कडं घालून सोडून दिलेलं. आकडे वाचता आले, की पाखरू कुठून निघालं ते कळतं. आमच्या मंडळातल्या कुणी असं कडं जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी तर नुसत्या कल्पनेनं भडंगाची मूठ तशीच हातात धरून बसलो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "तार हाय का?"

हशा ओसरल्यावर आप्पासो उठले. ते मात्र हसले नव्हते.

"शरदराव, आपल्या नोंदवहीत तुमच्या बारा वर्साच्या नोंदी हायत. आता मला सांगा, ह्ये कडं जर खोटं निघालं, तर त्या बारा वर्साचं आमी काय करायचं? फोटो आना. हात न लावल्याला फोटो. कडं दिसलं तर वहीत घेऊ. न्हाई दिसलं, तर तुमच्या समद्या नोंदींवर रेघ मारू. काय?"

"आणतो," शरच्चंद्र म्हणाला. त्याचे कान पाहवत नव्हते.

त्यानं चार दिवस रजा टाकली. चौथ्या दिवशी फोटो मिळाला. कृष्णधवल फिल्म त्यानं स्वतः धुतली, भिंगातून पाहिली, आणि घरात एकटाच मोठ्यानं ओरडला. कडं स्पष्ट होतं. आता मोठा फोटो छापायचा, तर तसा हात साऱ्या मुलखात एकाच माणसाचा. तो निगेटिव्ह घेऊन माधवनगरला गेला.

"आकाराम, नीट ऐका. फक्त छपाई. ब्रश नाही, ब्लेड नाही, पेन्सिल नाही. कडेनं कुठून कापायचं त्याच्या खुणा मी केल्यात, तेवढं कापायचं. बाकी हात लावायचा नाही. हा प्रवेशअर्ज. फोटोबरोबर शनिवारी सभागृहात पोचवा, मी रविवारी सकाळी तिथंच येतो."

आकारामनं मान हलवली. तीस वर्षांत त्यानं गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि कधी ऐकलंही नव्हतं.

रविवारी सकाळी गावभागातल्या शाळेच्या सभागृहात आम्ही फोटो टांगत होतो. संध्याकाळी पाच वाजता उद्घाटन. पाहुणे म्हणून पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब येणार होते, कारण पक्षी पाण्यावर येतात आणि पाणी साहेबांच्या ताब्यात असतं. शरच्चंद्राच्या दृष्टीनं ते साहेबांचे साहेब होते, त्यामुळं तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. नऊ वाजता आप्पासोंनी स्वतःच्या हातानं त्याच्या फोटोवरचा तपकिरी कागद सोडला. आम्ही सगळे भोवती गोळा झालो.

फोटो अप्रतिम होता. तळ्याचं पाणी रेशमासारखं, पाखराची मान ऐटीत, डोळ्यात हिऱ्यासारखा ठिपका. आणि दोन पाय.

आप्पासोंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"पाय लय गुळगुळीत हायत," ते म्हणाले. "आमच्या थोरल्या सुनंचं बी लग्नाच्या फोटूत असंच हायत."

कडं नव्हतं. कड्याची खूणही नव्हती. शरच्चंद्र फोटोकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला प्रथमच असं वाटलं, की त्या खंड्याला मी जरा कमी हसायला हवं होतं.

"आकाराम," एवढाच शब्द तो बोलला, आणि दाराकडं धावला.

"थांबा!" आप्पासो गरजले. "जीपमदी बसा. मी बी येतो. मला बी बगायचंय कोण कुनाला काय सांगतंय त्ये." मीही बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये जागा होती.

आकाराम बनियनवर बसून कुणाच्यातरी आजोबांना फेटा रंगवत होता. शरच्चंद्रानं फोटो त्याच्यापुढं आपटला.

"कडं कुठं गेलं?"

"काडलं की," आकाराम म्हणाला. शाबासकीची वाट बघत असल्यासारखा चेहरा.

"का? मी सांगितलं होतं हात लावू नका!"

"आवं सायेब, तुमी अर्ज दिला, तो वाचला का? नियम तिसरा." त्यानं अर्जाची कोरी प्रत फळीवरून काढून वाचली. "'पक्षी रानातला असावा. पाळीव पक्ष्याचा फोटो बाद होईल.' आता पायात वाळा घातल्यालं पाखरू रानातलं कोन म्हनंल? मागल्या बारीला त्या तारेपायी तुमचं हसं झालं. मला रातभर झोप न्हाई. म्हनलं ह्या बारीला आपुनच इचार करून काम करू. ब्लेडनं कडं खरवडलं, ब्रशनं पाय भरला. बगा की, कुटं जोड दिसतोय?"

जोड खरंच दिसत नव्हता.

शरच्चंद्र मटकन स्टुलावर बसला. आप्पासोंनी मात्र थंडपणे विचारलं, "आकाराम, ह्ये खरवडलं कशावर? कागदावर का मूळ फिल्लमवर?"

"कागदावर. फिल्लम तशीच हाय."

"मग आन की गड्या! बसलायस काय?"

काचेखाली दिवा असलेल्या पेटीवर निगेटिव्ह ठेवली. आप्पासो भिंग घेऊन वाकले. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं, त्यामुळं त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांचा सगळा देह एकदम ताठ झाला.

"हाय! कडं हाय! आकडं बी हायत! शरदराव, आवं..." त्यांनी पुन्हा भिंग लावलं, आणि ते थबकले. "आन् ह्ये शेजारी कोन? पांढऱ्या केसाचं, काळ्या तोंडाचं. भूत हाय का काय?"

"बाई हाय ती," आकाराम म्हणाला. "कापडं धुतीया."

आप्पासोंनी मान वर केली. "बाई?"

शरच्चंद्र खाकरला. "ती कडेला होती. मी खुणा केल्या होत्या. तेवढा भाग... कापायचा होता. रानातलं पाखरू, शेजारी बादली, बरं दिसत नाही."

आकाराम उभा राहिला. तीस वर्षांत मी त्याला उभा राहिलेला पाहिला नव्हता. बराच उंच निघाला.

"म्हंजे मी सुपारीएवढं कडं काडलं, आन् तुमी अक्खी बाई काडली! बादलीसकट! आन् लबाड मी व्हय?"

"कडेनं कापणं वेगळं, आकाराम. तो फोटोचा चौकोन ठरवणं झालं. मी पक्ष्याला हात लावलेला नाही."

"बाईला लावला की!"

"आकाराम, शब्द नीट वापरा!"

"न्हाई पर मला सांगाच," आकाराम आता गिऱ्हाइकाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. "तुमचा फोटू बगून मानूस काय म्हनंल? पाखरू एकलं, रान सुनसान. आन् खरं काय? धा पावलावर बाई धुनं आपटतीया आन् पाखरू निवांत हाय. मग खोटं कुनी सांगितलं?"

आप्पासो मला म्हणाले, "ह्यो मुद्दा बिनतोड हाय." मी मान डोलावली. मी अशा वेळी नेहमी मान डोलावतो.

शरच्चंद्रानं निगेटिव्ह आकारामकडं सरकवली. मग म्हणाला, "बरोबर आहे. पूर्ण छापा. बाई, बादली, सगळं."

आम्ही चौघं अंधाऱ्या खोलीत शिरलो. बाहेर सकाळचे साडेदहा, आत लाल दिवा आणि फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास. आकारामनं फोटो मोठा करायचा एनलार्जर वर नेला, कागद लावला, पाच सेकंद उजेड दिला आणि कागद ट्रेमधल्या औषधात सोडला. चौघांची डोकी ट्रेवर टेकली. आधी तळ्याच्या पाण्याची रेघ उमटली, मग मान, मग पट्टे. मग पाय. पायात पांढरं रुंद कडं, आणि त्यावर काळे इंग्रजी आकडे हळूहळू वर यायला लागले. माझं काळीज असं धडधडत होतं जणू पाखरू मीच पाठवलं होतं.

"चार," आप्पासो कुजबुजले. "एक. आन् ह्यो... तीन. चारशे त्येरा! चारशे त्येरा, शरदराव!"

"कडं जरा फिकं आलंय," शरच्चंद्र म्हणाला. "नऊ सेकंद देऊन पाहा."

नऊ सेकंद दिले. पुन्हा डोकी टेकली. पुन्हा चार आला, एक आला. आणि शेवटचा अंक डावीकडून भरत भरत आठ झाला.

हात कुणी लावला नव्हता. ब्रश नाही, ब्लेड नाही. नुसता चार सेकंदांचा उजेड जास्त, आणि तीनाचा आठ.

मी सुचवलं, "मधले सात सेकंद देऊ या का?"

"आन् मग काय, साडेपाच येतील?" आप्पासो म्हणाले.

आकारामनं दोन्ही ओले कागद चिमट्यानं धरले. आवाजात पूर्वीची माया परत आली होती. "सायेब, तुमी फकस्त बोला. तीन ठेवायचा का आठ करायचा? दोन मिंटाचं काम हाय. देवाला बी कळायचं न्हाई."

शरच्चंद्र त्या कागदांकडं बघत होता. तीन म्हटलं असतं तर तीन झाला असता. पाच वाजता फोटो लागला असता, आप्पासोंनी वहीत घेतला असता, बारा वर्षं वाचली असती. त्या क्षणी त्याला कुणी पकडू शकणार नव्हतं, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

"मला तीन वाटतो," तो हळूच म्हणाला.

"वाटतो?" आप्पासो.

"वाटतो. म्हणजे दिसत नाही." तो एकदम ताठ झाला. "आप्पासो, मायणीला चला. आत्ता. पाखरू अजून तिथं असलं तर दुर्बिणीतून वाचू."

"आत्ता? पाचला सायेब येनार!"

"साहेब काय, दरवर्षी येतात."

पाटबंधारे खात्यातल्या माणसानं उच्चारलेलं हे वाक्य ऐकून मला घाम फुटला. आप्पासोंच्या डोळ्यांत मात्र चमक आली. फौज सोडल्यापासून त्यांना इतक्या घाईनं कुठं जायला मिळालं नव्हतं. "आकाराम," ते ओरडले, "सदरा घाल!"

तासगाव गेलं, विटा गेलं. जीप खड्ड्यातून जात नव्हती, खड्ड्यांवरून जात होती. माझ्या मांडीवर दोन्ही फोटो वाळत होते. एक तीनाचा, एक आठाचा. आकाराम मागं लोखंडी दांड्याला धरून बोलत होता. तीस वर्षं त्याच्याकडं फोटो येत, तो कुठं जात नसे. बाहेर बघून त्याला उत्साह चढला होता.

"कवठ्याच्या एका पोरीच्या लग्नात तिचा बाप नव्हता. आदल्या साली गेल्याला. तिची आय जुना फोटू घिऊन आली. मी बापाला पोरीच्या मागं हुबा केला, खांद्यावर हात ठिवला. आय बगून रडली. आता ह्ये खोटं, का खरं?"

"ते घरात टांगायला खरं," शरच्चंद्र म्हणाला. "पण उद्या कोर्टात कुणी विचारलं, बाप लग्नाला होता का, तर तो फोटो दाखवायचा नाही."

"मंग तुमचं प्रदर्शन म्हंजे कोर्ट का घर?"

"आजपुरतं कोर्ट."

"आगं आयाय!" हे उत्तर नव्हतं, जीपनं एक खड्डा प्रामाणिकपणे घेतला होता.

मायणीला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. तळं लखलखत होतं. काठावर पाखरं होती, पण पट्टकादंब नव्हता. शरच्चंद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. इस्त्रीचा शर्ट चिखलानं माखला. तो परत आला तेव्हा तोंडावर रया नव्हती.

"गेलं," तो म्हणाला.

"कोन गेलं?" मागून बाईचा आवाज. धुण्याची बादली डोक्यावर घेऊन एक पन्नाशीची बाई उभी होती. आकारामनं तिला तत्काळ ओळखलं. ट्रेमध्ये दोनदा पाहिली होती.

"ह्याच त्या! आवं मावशी, त्ये पायात वाळं घातल्यालं पाखरू..."

"कडीवाला व्हय? त्यो हितंच हाय. उनाचा बाबळीखाली बसतोय. अठरा दीस झालं, रोज माझ्यासंगट हाय. तुमी कोन?"

तिचं नाव तानुबाई. तिनं कनवटीचे मूठभर जोंधळे काठावर फेकले आणि जिभेनं टॉक् टॉक् असा आवाज केला. बाभळीच्या सावलीतून ते करडं, डौलदार पाखरू मान पुढं काढून, जरा लंगडत, सरळ चालत आलं. शरच्चंद्र चार दिवस ज्याच्यासाठी पोटावर सरपटला होता, ते तिच्या हाकेला आलं. पायात पांढरं कडं होतं.

"समदे खाली बसा!" आप्पासोंनी दबक्या आवाजात हुकूम सोडला. "कुनी बोलायचं न्हाई. येकेकानं दुर्बिणीतनं बगायचं, आकडा तळहातावर लिवायचा, मूठ मिटायची. शरदराव समद्यांत शेवटी."

आप्पासोंनी पाहिलं. लिहिलं. मी पाहिलं. आकारामनं दुर्बीण धरली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही. तीस वर्षं तो फोटोतल्या डोळ्यांत ब्रशानं चमक घालत होता; जिवंत पाखराच्या डोळ्यात ती आधीच असते, हे त्याला बहुधा नवीन होतं. शेवटी शरच्चंद्र. त्याच्या डोळ्याला दुर्बीण आप्पासोंनीच लावली.

"मुठी उघडा!"

आप्पासोंच्या तळहातावर इंग्रजी नऊ. आकारामच्या नऊ. शरच्चंद्राच्या नऊ. माझ्या सहा होता, पण तो मी हात उलटा धरल्यामुळं.

"नऊ!" आप्पासो ओरडले, आणि पाखरू चार पावलं मागं सरलं. "चारशे येकोनीस! वरचं तोंड बंद, खालचं उघडं! तीन बी न्हाई न् आठ बी न्हाई!"

"बरं झालं मी काय केलं न्हाई," आकाराम म्हणाला. "मी आठ केला असता. आठ देखना असतो."

शरच्चंद्र चिखलात बसून हसत होता, आणि आप्पासो त्याच्या पाठीवर असे धपाटे घालत होते, की फौजेत असते तर त्याला पदकच मिळालं असतं.

तेवढ्यात तानुबाईनं आकारामच्या हातातला फोटो घेतला. "बया! ही मी?"

"व्हय मावशी. सांगलीत लावनार हाय. आता तुमाला कुनी काडनार न्हाई," आकाराम अभिमानानं म्हणाला.

"कोन कोन बगनार?"

"लय लोक. पाटबंधाऱ्याचं मोठं सायेब येनार हायत."

तानुबाईनं फोटो परत त्याच्या हातात कोंबला. "मंग मला काडा त्यातनं."

"आँ?"

"आवं, डोळं हायत का तुमाला? माझं लुगडं कशावर वाळतंय बगा की!"

आम्ही चौघांनी पाहिलं. सकाळपासून कडं आणि आकडे सोडून कुणी काही पाहिलंच नव्हतं. फोटोच्या उजव्या कडेला लोखंडी पाटीवर लुगडं वाळत घातलेलं होतं, आणि लुगड्याच्या काठाखालून अक्षरं दिसत होती: 'धुण्यास सक्त मनाई. पाटबंधारे विभाग.'

"मागं येकदा धरून निऊन दिसभर बसवलं हुतं," तानुबाई म्हणाली. "आता फोटूच दिलासा त्यांच्या हातात तर काय म्हनू मी?"

शरच्चंद्र पाटीकडं बघत होता. "या पाटीचा नमुना मीच काढला होता," तो खोल आवाजात म्हणाला.

"अक्षर चांगलं हाय," आप्पासो म्हणाले.

आकाराम माझ्याकडं वळला. "सकाळधरनं भांडून बाई आत घेतली. आता बाईच म्हनतीया भायेर काडा. ह्यांचं कसं करायचं?"

परतीच्या वाटेवर जीपमध्ये शरच्चंद्र मांडीवर पुठ्ठा घेऊन काहीतरी लिहीत होता. खड्ड्यागणिक त्याच्या अक्षरांतल्या कान्यांची लांबी बदलत होती.

पाचला दहा कमी असताना आम्ही सभागृहात शिरलो. शरच्चंद्रानं कात्री मागितली आणि स्वतःच्या हातानं फोटोची उजवी बाजू सरळ कापली. कापलेली पट्टी घडी करून आप्पासोंच्या हातात दिली. मी शिडीवर चढून फोटो टांगला. त्याखाली त्यानं पुठ्ठा लावला:

'पट्टकादंब, मायणी. पायातलं कडं खरं आहे. आकडा ४१९. शेवटचा अंक फोटोत नीट दिसत नाही, तो आज दुपारी चौघांनी दुर्बिणीतून वाचला. उजवीकडं एक बाई व तिचं सामान होतं. ते तिच्या सांगण्यावरून कापलं आहे.'

फोटोपेक्षा पुठ्ठ्यापुढं जास्त गर्दी झाली. साहेब फीत कापून आत आले, गर्दी पाहून तिकडंच वळले, आणि त्यांनी पुठ्ठा दोनदा वाचला.

"हे कुणाचं?"

"माझं, साहेब. आगटे, सातारा विभाग."

"कोण बाई?"

शरच्चंद्राच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते मी सांगणार नाही, साहेब."

"काय करत होती ती तळ्यावर?"

"तेही सांगणार नाही."

सभागृहात भडंगाचा आवाजसुद्धा थांबला. साहेब हसले, पण ते हसणं कार्यालयातलं होतं. "अहो आगटे, बाई दिसत नाही, नाव सांगत नाही. मग तिथं बाई होती हे तरी आम्ही कशावरून मानायचं?"

शरच्चंद्रानं तोंड उघडलं. पण आप्पासो त्याच्या आधी पुढं झाले. ती पट्टी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. दोन बोटांनी काढून दाखवली असती तर काम झालं असतं. त्यांनी खिशाचं बटण लावलं आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"शरदराव म्हनत्यात, म्हंजे हुती," ते म्हणाले.

मागच्या रांगेत तारेबद्दल विचारणारा माणूस होता. तो छताकडं बघत होता.

साहेब पुढच्या फोटोकडं गेले. आप्पासोंनी काखेतली नोंदवही काढून शरच्चंद्रापुढं उघडली, आणि आपलं पेन त्याच्या चिखलानं भरलेल्या हातात दिलं.